पेट्रोल लीडरचा बाप

आमच्या घरात गेलं दीड वर्ष दोऱ्याच दोऱ्या आहेत. सोफ्याच्या पायाला क्लोव्ह हिचची गाठ, बाल्कनीच्या ग्रिलला अजून एक, दाराच्या कडीला बोलाइन, आणि एकदा तर मी ऑफिसच्या घाईत बूट घालायला गेलो तर माझ्या बुटाची लेस लेकीच्या जाड दोरीला शीट बेंडने जोडलेली. एक दोरी जाड आणि एक बारीक असली की ती जोडायला शीट बेंड, दोन्ही सारख्या असल्या तर रीफ नॉट. हे मीपण कधीकाळी शिकलो होतो, पार विसरून गेलो होतो, आणि सकाळी आठ वीसला एका पायात बूट घालून ते परत शिकलो.

लेक सातवीत आहे, घरी तिला चिमी म्हणतात. शाळेत गाइड आहे, म्हणजे मुलींचं स्काऊटिंग, पण मी बोलताना स्काऊटच म्हणतो आणि ती दर वेळी मला सुधारते. मागच्या वर्षी ती पेट्रोल लीडर झाली तेव्हा माझी आई साताऱ्याहून आली होती, तिने ऐकलं आणि म्हणाली, "आरं देवा, एवढीशी पोरगी पंपावर कशाला घातलीस?" पेट्रोल म्हणजे सहा ते आठ मुलींचा गट, त्यांच्यातलीच एक त्यांची नायक, हे आईला समजावता समजावता दुपार गेली. शेवटी ती म्हणाली, "म्हंजे मुकादम." बरोबर आहे. मुकादमच.

आता हे सगळं सुरू कसं झालं ते सांगतो. चिमी पाचवीत असताना आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये अडकली. लाईट गेली, लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबली, आत ही एकटी. तिच्याकडे क्लासला जायचा साधा फोन होता, त्यावरून तिने मला फोन केला. मी हिंजवडीत, मीटिंगमध्ये, घर सिंहगड रोडला, म्हणजे तासभराचं अंतर. मी वॉचमनला फोन लावला, त्याने वर जाऊन काढलं, सात-आठ मिनिटांचा सगळा खेळ. लिफ्टमध्ये अलार्मचं लाल बटण आहे. ते तिच्या डोळ्यासमोर होतं. रात्री विचारलं, बटण का नाही गं दाबलंस? तर म्हणाली, "तू काहीतरी करशील ना मग."

मला आधी जरा बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. बापावर विश्वास वगैरे. मग रात्री झोप लागेना. कारण मी एकेक आठवायला लागलो, तर पाण्याची बाटली मी उघडून देतो, दप्तर बायको भरते, प्रोजेक्टची चित्रं मी प्रिंट काढून कापूनसुद्धा देतो, रिक्षावाल्या काकांशी मी बोलतो, दुकानात सुट्टे पैसे मी मोजतो. पोरगी दहा वर्षांची आणि तिच्या दहाही बोटांची कामं आम्ही दोघं करत होतो. म्हणजे ती घाबरट नव्हतीच, तिला कधी गरजच पडू दिली नव्हती आम्ही.

सहावीत शाळेने विचारलं कोणाला गाइडमध्ये यायचंय, तेव्हा मीच फॉर्म भरला (हो, तोही मीच). बायको म्हणाली, आधी कराटे सोडलं, मग चित्रकला, आता हे, युनिफॉर्म तेवढा दुकानात परत घेतात का विचारून ठेव.

पण मला माझी शाळा आठवत होती. सातारा जिल्ह्यात, गावातली शाळा, खाकी शर्ट-चड्डी, गळ्यात स्काऊटचा स्कार्फ, आणि आमचे गुरुजी शिट्टीवर सगळं करायचे. आम्हाला स्काऊट म्हणजे मुख्यतः खरी कमाई. ज्यांनी केलंय त्यांना लगेच आठवेल ते कार्ड! कार्ड घेऊन घरोघर जायचं, काम मागायचं, काम झालं की समोरचा माणूस कार्डावर काम लिहिणार, पैसे लिहिणार, सही करणार. मी एकांचा गोठा झाडला, ७५ पैसे. टेलरकडे खाली पडलेली बटणं रंगाप्रमाणे वेगळी केली, ५० पैसे आणि एक शिवी, कारण पांढरी आणि मोतिया एकत्र केली होती. आईकडे कार्ड नेलं तर म्हणाली, घरचं काम केल्याचं कुठं पैसं असत्यात व्हय, जा पाणी भर. ते कार्डावर नाही आलं. पण लोकांच्या दारात उभं राहून "काही काम आहे का" हे विचारायला जी हिंमत लागते ना, ती मला नंतर नोकरीच्या इंटरव्ह्यूलाही तेवढी लागली नाही.

चिमीच्या शाळेतल्या गाइडच्या बाई म्हणजे पन्नाशीच्या, बारीक, आवाज मात्र ग्राउंडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांनी डिसेंबरच्या शिबिराआधी पालकांची मीटिंग घेतली. आम्हाला वाटलं फी, बस, कन्सेंट फॉर्म. ते सगळं पाच मिनिटांत संपलं. मग म्हणाल्या, आता महत्त्वाचं. सामानाची यादी मुलींना दिलेली आहे. बॅग मुलींनी भरायची. तुम्ही हात लावायचा नाही. आणि ती काय विसरली ते तुम्हाला दिसलं, तरी बोलायचं नाही.

मागून एक आई म्हणाली, "अहो मॅडम पण टॉवेल विसरली तर?" बाई म्हणाल्या, "तर ती तीन दिवस ओली राहील. वाळते."

त्यानंतर व्हॉट्सॲप ग्रुपवर जे काही झालं ते लिहीत नाही. एका पालकाने थंडीचा अंदाज टाकला, दुसऱ्याने कुठल्याशा जंगलातल्या बिबट्याची बातमी टाकली, ती पण जुनी. रोज रात्री फोटो पाठवा अशी मागणी झाली, बाईंनी एका ओळीत उत्तर दिलं की फोटो शिबिर संपल्यावर, आणि मग ग्रुप ॲडमिन ओन्ली केला. मी मनात टाळ्या वाजवल्या. आणि मग त्याच रात्री मी जे केलं ते सांगायला जरा लाज वाटते, पण त्याच्यासाठीच तर हे लिहायला बसलोय.

चिमी बॅग भरत होती. यादी हातात, प्रत्येक गोष्टीवर टिक करत होती, आणि मला सोफ्यावरून दिसत होतं की तिने ताट-वाटीवर टिक केली पण ताट-वाटी स्वयंपाकघरातच आहे. मी काही बोललो नाही. जीभ चावली. बायकोकडे बघितलं, तिलाही दिसलं होतं, ती उठून सरळ आत गेली म्हणजे तिथे बसून बोललं जाऊ नये. इथवर आम्ही दोघं पास. पण चिमी झोपल्यावर मी हळूच तिच्या बॅगेतल्या मोज्यांच्या जोडीत पाचशेची नोट घातली. असू दे, काही लागलं तर. ज्या माळावर तंबू होते तिथे तीन किलोमीटरवर एक टपरी, ती पाचशेची नोट घेऊन तिने काय घेतलं असतं, पन्नास चहा? पण त्या वेळी असा विचार बापाच्या डोक्यात येत नाही.

शिबिरात रोज सकाळी निरीक्षण असतं. तंबू आवरलेला, अंथरुणाची घडी, सामान ओळीत मांडलेलं, नखं, युनिफॉर्म, सगळ्याला मार्क, आणि ते एका मुलीला नाही, पूर्ण पेट्रोलला. जवळ जास्तीत जास्त पन्नास रुपये ठेवायचे असा नियम होता. दुसऱ्या दिवशी निरीक्षणाला मोजे उघडले, नोट पडली. अबोली पेट्रोलचे पाच मार्क गेले. (त्यांच्या पेट्रोलला फुलांची नावं असतात, आमच्या वेळी मुलांना वाघ, गरुड असं काय काय होतं.) चिमी परत आली ती स्टँडवरून घरापर्यंत माझ्याशी बोलली नाही. घरी आल्यावर नोट टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "तुझ्यामुळे आम्ही दुसऱ्या आलो. ताट मी विसरले होते, त्याचे मार्क नाही गेले, कारण मी पळसाची पानं टाचून पत्रावळ केली. तुझ्या नोटेचं मी काय करणार होते?"

याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

मग दोन-तीन दिवसांनी राग गेल्यावर गोष्टी बाहेर यायला लागल्या, हप्त्याहप्त्याने, जेवताना. तंबूभोवती चर खणला. काठ्या बांधून चपलांचं स्टँड केलं, भांडी ठेवायचं रॅक केलं, याला ते गॅजेट म्हणतात, आणि यात सगळी गंमत स्क्वेअर लॅशिंगची, म्हणजे आडवी-उभी काठी दोरीने करकचून बांधायची, सैल बांधलं की रॅक भांड्यांसकट खाली. त्यांचं पहिलं रॅक पडलं. बिनभांड्याचा स्वयंपाक केला, म्हणजे बटाटे मातीत लिंपून निखाऱ्यात, कणकेची लांब वळी करून काठीला गुंडाळून भाजली, आणि पानात थापून भाजलेली भाकरीसारखी एक वस्तू. आई ऐकत होती, तिला फोनवर लावलं होतं, ती म्हणाली, "तुज्या आजोळी कोकणात तिला पानगी म्हंत्यात, त्याला शिबिर कशाला लागतंय." भात मात्र त्यांनी भांड्यात केला आणि तो करपला. आठ जणींनी करपलेला भात खाल्ला कारण दुसरं काही नव्हतं. ज्या मुलीला घरी भातात एक जिरं लागलं तर ताट सरकवायची सवय होती, ती म्हणे दोनदा घेऊन जेवली. (ती मुलगी कोण हे मी विचारलं नाही. मला माहितीये.)

आणि महिन्याभराने, अगदी सहज, गाडीत मागे बसून बाहेर बघत म्हणाली, पहिल्या रात्री मी रडले होते. मी विचारलं, मग काय केलंस? तर म्हणाली, "काही नाही, शेजारची पण रडत होती, ती छोटी आहे, मग मी तिला टॉर्च दिला." बस. एवढंच. पुढे विषय बदलला.

मी नंतर हे स्काऊटिंग मुळात कुठून आलं ते जरा वाचलं. बेडन-पॉवेल हा ब्रिटिश लष्करातला अधिकारी. दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धात मॅफेकिंग गावाला वेढा पडला होता, १८९९ ते १९००, तब्बल २१७ दिवस. माणसं कमी पडत होती म्हणून तिथल्या पोरांना निरोप पोचवायच्या कामाला लावलं, आधी गाढवांवरून आणि मग सायकलवरून. पोरांवर जबाबदारी टाकली की पोरं ती पेलतात हे त्याने तिथे बघितलं. मग १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर वीसेक मुलं घेऊन शिबिर केलं, काही बड्या शाळांतली, काही कामकऱ्यांची, त्यांचे चार गट आणि प्रत्येक गटाचा नायक त्यांच्यातलाच पोरगा. मला यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं, गाठी-बिठी, शिट्ट्या, सॅल्यूट सगळं ठीक, पण मोठ्या माणसाने नायकाशी बोलायचं आणि नायकाने गटाशी, मधल्या भानगडीत मोठ्याने पडायचं नाही, ही खरी युक्ती आहे.

आपल्याकडे १९०९ च्या सुमारास आलं तेव्हा ते गोऱ्यांच्या पोरांसाठीच होतं, भारतीय मुलांना प्रवेश नव्हता. मग ॲनी बेझंटनी १९१६ मध्ये वेगळी संघटना काढली, १९१८ मध्ये मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीची काढली. कुंभमेळ्याच्या गर्दीत सेवा करणारे स्वयंसेवक ही त्यातली परंपरा. शेवटी ७ नोव्हेंबर १९५० ला स्काऊटच्या संघटना एकत्र येऊन भारत स्काउट्स अँड गाइड्स झालं, आणि १९५१ मध्ये मुलींची गाइड संघटनाही त्यात आली. साहेबाचं म्हणून फेकून दिलं नाही, दारातून आत घेतलं नाही तर आपलं स्वतःचं घर बांधलं, हे मला आवडलं.

पण उगाच गुणगान नको. खूप ठिकाणी स्काऊट-गाइड म्हणजे २६ जानेवारीच्या परेडला आणि पाहुणे आले की गुच्छ द्यायला उभी केलेली पोरं, एवढंच असतं. दहावीच्या सवलतीच्या गुणांवर डोळा ठेवून घालणारे पालकही आहेत, मी त्यांना नावं ठेवत नाही, पण गुणांसाठी आलेलं मूल गाठ बांधताना लगेच ओळखू येतं असं बाई म्हणतात.

आणि खरी कमाई! तिचं काय केलंय आपण. जानेवारीत शाळेने खरी कमाईचे स्टॉल लावायला सांगितले, भेळ, सरबत, वडापाव. मी गेलो तर काय, स्टॉलवर सगळे आई-बाबा. एक काकू भेळेची चटणी घरून डब्यात करून आणलेली कालवतायत, एक बाबा क्यूआर कोडचा स्टँड घेऊन गल्ला सांभाळतायत, आणि मुलं मागे खुर्च्यांवर बसून तीच भेळ फुकट खातायत. कमाई कोणाची आणि खरी कोणाला? मी हे बोललो तर बायको म्हणाली, पाचशेची नोट घालणाऱ्याने बोलू नये. गप्प बसलो.

अबोलीवाल्यांनी मात्र सोसायटीत स्कूटर धुवायचं काढलं होतं, वीस रुपये एक. एक काका (चांगलाच माणूस आहे) म्हणाले, अगं गाडी स्वच्छच आहे, हे घे शंभर, लिही कार्डावर. मी पार्किंगमध्ये खांबामागे उभा होतो. चिमी गोंधळली. नोट हातात, बादली दुसऱ्या हातात. पुढे होऊन "अगं थँक्यू म्हण आणि घे" किंवा "नको म्हण" यातलं काहीतरी बोलायला माझा पाय उचललासुद्धा होता. तेवढ्यात ती म्हणाली, "काका, मग आम्ही तुमची गाडी पाचदा धुतो." आणि पाच रविवार धुतली! शेवटच्या रविवारी काका वैतागले होते, कारण गाडी ओली असताना त्यांना भाजी आणायला जायचं होतं.

घरी आम्ही काय बदललं असं एक-दोन मित्रांनी विचारलं. खरं सांगू का, फार काही नाही. तिने काही मागितलं की मी मनात दहा आकडे मोजतो, आठव्याला बऱ्याचदा ती स्वतःच उठते. आठवड्याची भाजी ती आणते, पहिल्यांदा दोन किलो टोमॅटो आणले ते खालचे अर्धे मऊ, भाजीवाल्याने वरून चांगले लावून दिलेले. आम्ही तीन दिवस सार प्यायलो, आता ती एकेक उचलून घेते आणि भाजीवालाच तिला वैतागतो. गॅस पेटवते, आधी आम्ही दोघं जवळ उभे राहायचो, आता एकजण बाहेरच्या खोलीत. पण सिंहगड रोड तिला एकटीला मी अजून ओलांडू देत नाही, आणि त्याबद्दल मला बिलकूल अपराधी वाटत नाही. ज्यांना वाटतं द्यावं त्यांनी एकदा संध्याकाळी सात वाजता तिथे येऊन बघावं. सोडायचं म्हणजे सगळंच सोडायचं नसतं. लॅशिंगसारखंच आहे ते, पण जाऊ दे, उपमा द्यायला लागलो की मी सासऱ्यांसारखा बोलायला लागतो.

गणपतीत आई आली होती, विळीवर नारळ खवताना बोट कापलं, बऱ्यापैकी. रक्त बघून मी किल्ली शोधायला लागलो, बायको कपाटात पट्टी शोधायला, आणि आई "हळद आणा, हळद" करत होती. चिमीने धुतलेला रुमाल घेतला, जखमेवर दाबला, आजीचा हात वर धरला, आणि म्हणाली, "आजी, दहा मिनिटं सोडायचं नाही, मधेमधे उघडून बघायचं पण नाही." आणि घड्याळाकडे बघत उभी राहिली. टाके नाही पडले. मग पट्टी झाल्यावर ती बेडरूममध्ये जाऊन आडवी पडली, चेहरा पांढराफटक, कारण रक्त तिलाही सहन होत नाही. आई म्हणाली, "मुकादमीण चांगली हाय."

एवढं असून जेवल्यावर ताट सिंकमध्ये नेत नाही. अजिबात. रोज सांगावं लागतं. शिबिरात म्हणे राखेने भांडी घासते, घरी टेबलावरून उचलून सहा पावलं न्यायला त्रास. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "तुम्ही उचलता म्हणून."

उद्या पहाटे साडेपाचला बस आहे. तृतीय सोपानचं, म्हणजे गाइडमधल्या तिसऱ्या पायरीचं चाचणी शिबिर, चार दिवसांचं, यंदा तिच्या पेट्रोलमध्ये तीन नवीन मुली आहेत त्यामुळे आमच्या घरातल्या मॅडमना टेन्शन आहे. बॅग भरून दाराशी ठेवलीये, यादीवर सगळ्या टिक झाल्यात, ती झोपली. आणि आत्ता पाणी प्यायला उठलो तर दिसलं, तिचं स्टीलचं ताट मांडणीवर आहे. परत. बायको झोपेचं सोंग घेऊन पडलीये. मी लॅपटॉप घेऊन बसलोय, अकरा वाजत आले, दोन्ही हात कीबोर्डवर आहेत.